उशिराची लिपी

इंग्लंडात हिवाळ्यातल्या रविवारी रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा कोल्हापुरात दीड वाजलेला असतो. घर झोपलेले. एक संग्राहक मोबाइलच्या उजेडात एका जुन्या चित्र-पोस्टकार्डाकडे बघत बसलेला. शेवटची वीस सेकंदे. दहा. पाच. त्याची बोली टिकते, आणि सात हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या एका अनोळखी घरातले कार्ड त्याचे होते.

कार्ड आहे महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या चित्राचे. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे रंगवली आणि ती चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली. मुंबईत राहणारे गोरे साहेब आणि मडमा अशी कार्डे घरी धाडत. ती आगबोटीने विलायतेला गेली, कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या आल्बममध्ये पडून राहिली. आता नातवंडे-पतवंडे माळे आवरतात, कार्डे लिलावात येतात आणि शंभरेक वर्षांनी परतीच्या वाटेला लागतात.

सोमवारी पैसे भरून होतात. मग दहा दिवस जातात, पंधरा जातात. ट्रॅकिंगच्या पानावरची ओळ बदलत नाही. मनात पहिला प्रश्न येतो, फसलो का?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्या न बदलणाऱ्या ओळीतच असते. उशीर कोरा नसतो. त्यावर अक्षरे असतात, अंक असतात, तारखा असतात. ही लिपी दीडशे वर्षांत घडत आली आहे आणि ती कुणालाही शिकता येते. ती शिकताना माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवण्यासाठी केवढी यंत्रणा उभारली आहे हे दिसते, आणि थक्क व्हायला होते.

अनोळखी माणसाला पैसे का पाठवायचे?

१९९५च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात पिएर ओमिड्यार या तरुण संगणक-अभियंत्याने ‘ऑक्शनवेब’ नावाचे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. पुढे तेच ‘ईबे’ झाले. अगदी सुरुवातीला तिथे विकली गेलेली एक वस्तू म्हणजे ओमिड्यारचाच बिघडलेला लेझर पॉइंटर. तो बिघडलेला आहे असे स्पष्ट लिहिले होते, तरी १४.८३ डॉलरना गेला. घेणाऱ्याला बिघडलेलाच हवा होता.

घेणारा मिळाला यापेक्षा मोठे नवल म्हणजे त्याने न बघितलेल्या माणसाला, न बघितलेल्या वस्तूसाठी आधी पैसे दिले. अर्थशास्त्राच्या हिशेबात हे टिकायला नको होते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०च्या एका निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, मालाची खरी माहिती फक्त विकणाऱ्याजवळ असेल तर घेणारे बिचकतात, किंमत पाडून मागतात, चांगला माल असलेले निघून जातात आणि शेवटी बाजारच बसू शकतो. या विचाराला २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ऑनलाइन लिलावात तर माहितीची ही दरी आणखी रुंद असते. मोटार निदान फिरून बघता येते. इथे वस्तू आहे का, ती टपालात पडली का, हेही दिसत नाही.

ओमिड्यारने १९९६च्या फेब्रुवारीत यावर तोड काढली. प्रत्येक व्यवहारानंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांबद्दल सर्वांसमक्ष अभिप्राय लिहायचा. चांगले वाटले तर चारचौघांत सांगा, वाईट वाटले तर तेही चारचौघांत सांगा. गावातल्या दुकानदाराची पत पारावरच्या गप्पांतून ठरते. तो पार ओमिड्यारने इंटरनेटवर बांधला.

या पारावरच्या बोलण्याला किती मोल आहे हे पुढे मोजलेही गेले, आणि योगायोग असा की तो प्रयोग झाला जुन्या पोस्टकार्डांवरच. पॉल रेझनिक, रिचर्ड झेकहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुन्या, नावाजलेल्या विक्रेत्याची मदत घेतली. त्याने एकसारखी कार्डे काही आपल्या जुन्या खात्यावरून विकली आणि काही कोऱ्या, नव्या खात्यांवरून. माल तोच आणि पाठवणारा हातही तोच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नावाजलेल्या खात्याला सरासरी ८.१ टक्के जास्त किंमत मिळाली. ‘हा माणूस पाठवतो आणि नीट पाठवतो’ या भरवशाची ती किंमत होती.

म्हणून उशिराशी सामना बोली लावण्याआधीच सुरू होतो. विक्रेत्याचा नुसता टक्का बघू नका. गेल्या काही महिन्यांतले अभिप्राय वाचा, त्यांत उशिराचा उल्लेख शोधा, आणि तो परदेशात नियमित पाठवतो का ते बघा. लिलावातला विक्रेता बहुधा गोदामवाला नसतो. तो घरातल्या टेबलावर पुठ्ठा कापून पाकीट बांधणारा एकटा माणूस असतो, आणि टपाल कार्यालयात आठवड्यातून एखाद-दोन वेळाच जात असतो. खरेदीदाराचे घड्याळ बोली जिंकल्या क्षणी सुरू होते, विक्रेत्याचे पैसे मिळाल्यावर. पहिले तीन-चार दिवस बहुतेकदा या दोन घड्याळांमधल्या फरकात जातात.

तेरा अक्षरांचे पारपत्र

विक्रेता ट्रॅकिंग क्रमांक कळवतो. तो आपण नुसता चिकटवून शोधतो, पण एकदा थांबून बघण्यासारखी ती गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय टपालाच्या क्रमांकात तेरा चिन्हे असतात. आधी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे. ब्रिटनसाठी ‘जीबी’, भारतासाठी ‘आयएन’.

पहिले अक्षर सेवा सांगते. ‘आर’ म्हणजे रजिस्टर, ‘ई’ म्हणजे स्पीड पोस्टच्या जातीची जलद सेवा, ‘सी’ म्हणजे पार्सल, ‘व्ही’ म्हणजे विमा उतरवलेले, ‘एल’ म्हणजे माग काढता येणारे लहान टपाल. पहिले अक्षर ‘यू’ असेल तर सावध व्हा. तो क्रमांक मुख्यतः कस्टमच्या सोयीसाठी असतो आणि त्या सेवेत वाटेवरचा माग मिळेलच याची हमी नसते. ‘पंधरा दिवस काहीच हलले नाही’ या तक्रारीचे उत्तर कित्येकदा या एका अक्षरात असते.

नऊ अंकांतले पहिले आठ खरे, नववा त्यांचा पहारेकरी. उदाहरणार्थ १२३४५६७८ घ्या. या अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा आणि बेरीज करा. ती येते २०४. तिला ११ ने भागले की बाकी ६. अकरातून सहा गेले, राहिले ५. म्हणून नववा अंक ५. आता घाईत कुणी पहिले दोन अंक उलटे लिहिले, २१३४५६७८. बेरीज होते २०६, बाकी ८, म्हणजे नववा अंक ३ हवा. पण तिथे तर ५ आहे. यंत्राला चूक तत्काळ कळते. लिहिताना होणारी जवळपास प्रत्येक साधी गफलत हा एक अंक पकडतो. तेव्हा ‘असा क्रमांकच नाही’ असे उत्तर आले तर फसवणुकीची शंका घेण्याआधी विक्रेत्याकडून पावतीचा फोटो मागवा.

कोल्हापुरातल्या माणसाला इंग्लंडातल्या पाकिटाचा क्रमांक वाचता येतो, कारण १८७४ साली बर्न शहरात २२ देशांनी एक करार केला. त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. भारत १८७६ साली त्यात आला. आज १९२ सदस्य आहेत. करारामागची कल्पना आजही भव्य वाटते, की टपालापुरते सगळे जग एकच प्रदेश मानायचे. त्याआधी पत्राच्या वाटेवरचा देश आणि देश आपापला आकार लावी. त्यानंतर एका देशात एकदा तिकीट लावले की पत्र सगळीकडे चालू लागले.

मौनाचा अर्थ

मग ओळ हलत का नाही? पाकिटाच्या प्रवासात संगणकाला कळणारे ठरावीक टप्पे असतात. टपालात दिले गेले. पाठवणाऱ्या देशाच्या विनिमय कार्यालयात पोचले. तिथून निघाले. आपल्या देशाच्या विनिमय कार्यालयात आले. कस्टमपुढे ठेवले. कस्टमने सोडले. वाटपाच्या टपाल कार्यालयात पोचले. पोस्टमनकडे दिले. घरी दिले. ही साखळी टपाल संघाने सगळ्या देशांसाठी एकच ठरवलेली आहे.

‘परदेशातून निघाले’ आणि ‘भारतात आले’ या दोन ओळींच्या मध्ये पाकीट एका बंद थैलीत असते. थैली विमानाची वाट बघते, विमान बदलते, उतरल्यावर उघडली जाण्यासाठी रांगेत पडते. या सगळ्या काळात त्या एका पाकिटाचा बारकोड कुणी वाचत नाही, कारण थैली उघडायची नसते. म्हणून माग थांबतो. हे मौन हरवल्याची खूण मानू नका. प्रवासाचा मधला, लांबचा पल्ला चालू आहे एवढाच त्याचा अर्थ.

खरी धोक्याची ओळ त्याआधीच येते. ‘लेबल तयार झाले, टपाल खात्याला वस्तू मिळाल्यावर माहिती दिसेल’ अशा अर्थाचे वाक्य आठवडाभर तसेच राहिले, तर पाकीट अजून विक्रेत्याच्या टेबलावर आहे असे समजा. लेबल छापणे वेगळे आणि पाकीट टपालात देणे वेगळे. विक्रेत्याला पत्र तेव्हा लिहायचे.

भारतात आल्यावरचा पुढचा थांबा कस्टमचा. परदेशी टपाल मुंबईत विदेशी टपाल कार्यालयात आले की कस्टमचे अधिकारी पाकिटावरचा छोटा जाहीरनामा वाचतात. आत काय आहे, वजन किती, किंमत किती. किंमत कमी असेल तर ‘सीएन २२’ नावाचे छोटे लेबल, जास्त असेल तर ‘सीएन २३’ हा मोठा फॉर्म. विक्रेत्याने तिथे नुसते ‘कागद’ किंवा ‘भेट’ असे मोघम लिहिले की शंका येते, चौकशी होते आणि दिवस जातात. तेव्हा पैसे भरतानाच विक्रेत्याला सांगा की वस्तूचे नेमके नाव आणि खरी किंमत लिहा, लिलावाची पावती पाकिटावर लावा. भेट म्हणून किंमत कमी दाखवायला सांगू नका. ते बेकायदा आहे, आणि पाकीट हरवले तर भरपाईही त्या कमी आकड्यावरच अडते. शुल्क बसले तर बहुधा पोस्टमन ते दारात घेतो आणि पावती देतो. कस्टमची चौकशी आलीच तर ती पत्राने येते, तिला लगेच उत्तर द्या.

कधी उशीर कुणाच्याच हातात नसतो. २०२०च्या वसंतात कोरोनामुळे विमाने थांबली आणि जगभर टपालाच्या थैल्या पडून राहिल्या. २०२५च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी काढली, तेव्हा भारतीय टपाल खात्याला अमेरिकेकडचे बहुतेक पार्सल-बुकिंग काही काळ थांबवावे लागले. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घराने पुण्याहून मागवलेली वस्तू त्या दिवसांत अडकली असेल, तर त्यात पाठवणाऱ्याचा दोष नव्हता. तक्रारीआधी बातम्या आणि टपाल खात्याच्या सूचना बघून घ्याव्यात, त्या यासाठी.

उशीर कुणाचा?

आता कायद्याकडे वळू. आपला मालविक्री कायदा १९३० सालचा. त्याच्या ६४व्या कलमात लिलावाचा नियम आहे, हातोडा पडला की विक्री पूर्ण. ऑनलाइन लिलावात घड्याळ हातोड्याचे काम करते. त्याच कायद्याच्या ३६व्या कलमानुसार, पाठवायची मुदत ठरली नसेल तर विक्रेत्याने वाजवी वेळेत माल पाठवला पाहिजे.

पण ३९वे कलम वाचताना चमकायला होते. विक्रेत्याने करारानुसार माल वाहतूकदाराच्या हाती दिला, की सकृतदर्शनी तो खरेदीदाराला दिला असेच धरायचे! रेल्वे आणि आगबोटींच्या काळातल्या व्यापाऱ्यांचा हा नियम. माल बंदरातून निघाला की पुढची चिंता घेणाऱ्याची.

ऑनलाइन लिलावांनी हे ओझे उलटे फिरवले. ईबेसारख्या ठिकाणी खरेदीदाराला पैसे परत मिळण्याची जी हमी असते, तिच्यात वस्तू पोचल्याचा पुरावा विक्रेत्याने द्यायचा असतो. नुसती टपालात टाकल्याची पावती पुरत नाही. ब्रिटनने २०१५च्या ग्राहक कायद्यातही व्यापाऱ्यांपुरते हेच केले. वस्तू ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची. अनोळखी माणसाकडून निर्धास्तपणे घेता यावे म्हणून शतकभराची जुनी जोखीम एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली, ही या सगळ्या कथेतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आहे.

पण या हमीला घड्याळ बांधलेले आहे. ईबेवर वस्तू न मिळाल्याची नोंद पोचण्याच्या अंदाजित तारखेपासून ३० दिवसांत करावी लागते. नोंद झाली की विक्रेत्याला उत्तरासाठी कामाचे तीन दिवस मिळतात. तोडगा निघाला नाही तर ईबेला मध्ये बोलावता येते. पेपॅलने पैसे दिले असतील तर तिथला वाद पैसे दिल्यापासून १८० दिवसांत मांडता येतो, पण मांडल्यावर २० दिवसांत तो दाव्यात बदलला नाही तर आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडेही वाद नोंदवता येतो. तिची मुदत बँकेलाच विचारावी.

सज्जन खरेदीदार नेमका इथे हरतो. विक्रेता गोड बोलतो. ‘आणखी एक आठवडा थांबा, ख्रिसमसची गर्दी आहे.’ आपल्याला भांडखोर दिसायचे नसते. एकेक आठवडा देता देता तीस दिवस सरतात. माणूस प्रामाणिक असेल, गर्दी खरी असेल, पण मुदत कुणासाठी थांबत नाही. तेव्हा जिंकल्याच दिवशी दोन तारखा कॅलेंडरवर लिहा, पोचण्याची शेवटची अंदाजित तारीख आणि नोंदीची शेवटची तारीख. दुसरी तारीख आठवड्यावर आली की नोंद करा. नोंद करणे म्हणजे विक्रेत्यावर आरोप करणे नव्हे. पाकीट नंतर आले तर ती मागे घेता येते. पण पाकीट हातात येईपर्यंत, कुणी कितीही विनवले तरी, नोंद बंद करू नका.

त्याआधीचे पत्र मात्र सौम्य आणि नेमके असावे. वस्तूचे नाव, जिंकल्याची तारीख, पैसे दिल्याची तारीख, ट्रॅकिंगवरची शेवटची ओळ, आणि एक स्पष्ट विनंती. ‘टपालात दिल्याची पावती पाठवाल का?’ किंवा ‘तुमच्या टपाल कार्यालयात चौकशी-अर्ज द्याल का?’ आंतरराष्ट्रीय टपालात हरवलेल्या वस्तूची चौकशी सहसा पाठवणाऱ्यालाच सुरू करता येते, म्हणून शेवटी तोच आपला साथीदार असतो. सगळा पत्रव्यवहार लिलावाच्या संकेतस्थळावरच ठेवा. निवाडा करणाऱ्याला तोच दिसतो.

भारतातल्या भारतात घेतलेल्या वस्तूंसाठी आणखी एक आधार आहे. आपल्याकडे असा बाजार ‘बाझी’ने २००० साली मुंबईतून सुरू केला, ईबेने २००४ साली तो विकत घेतला आणि २०१८ साली ईबेचे भारतातले दुकान बंद झाले. आज इतर ठिकाणी नाणी, तिकिटे, पुस्तके, पोस्टकार्डे यांचे लिलाव चालतात. ई-कॉमर्सचे २०२०चे नियम सांगतात की अशा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात ती निकाली काढावी. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागण्याची सोय केली आहे. घरातली एखादी जुनी वस्तू हौसेने विकणाऱ्या व्यक्तीला मात्र हे ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. तिथे संकेतस्थळाची हमी आणि त्या व्यक्तीची पत, एवढाच आधार.

आणि ही पत आपणच लिहीत असतो. ईबेवरच्या १९९९च्या व्यवहारांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की निम्म्याहून थोड्या अधिक खरेदीदारांनी विक्रेत्याबद्दल अभिप्राय लिहिला होता. त्यातून त्यांना स्वतःला काहीच मिळणार नव्हते. वस्तू हातात आली होती, काम झाले होते. तरी पुढच्या अनोळखी माणसासाठी त्यांनी दोन मिनिटे खर्च केली. अर्थशास्त्राच्या नियमाने बसायला हवा होता तो बाजार या दोन मिनिटांवर उभा राहिला.

म्हणून कोल्हापूरच्या त्या घरी पोस्टमन पाकीट घेऊन येईल, तेव्हा धुरंधरांचे कार्ड आल्बममध्ये लावण्याआधी एक काम करावे. किती दिवस लागले, पाकीट कसे बांधले होते, उशीर झाला तेव्हा विक्रेता कसा बोलला, हे खरे खरे लिहावे. तुमच्यानंतर कुणीतरी रात्री दीड वाजता बोली लावणार आहे. त्याच्या भरवशासाठी तेवढे नक्की लिहा.